हरलेल्या युद्धाचा वारस

पहिल्या महायुद्धातील पराभूत राष्ट्रांची चर्चा निघाली, की आपल्याकडे ती जर्मनी आणि व्हर्सायचा तह यांच्यापलीकडे सहसा जात नाही. वस्तुतः प्रदेशाच्या हिशेबाने पाहिले तर जर्मनीपेक्षा हंगेरीने कितीतरी अधिक गमावले. ४ जून १९२० रोजी व्हर्सायच्याच परिसरातील ट्रायनॉन प्रासादात झालेल्या तहाने या राज्याचा सुमारे दोन तृतीयांश प्रदेश गेला. क्रोएशिया वगळता २ लाख ८२ हजार चौरस किलोमीटरचा देश ९३ हजारांवर आला. १ कोटी ८२ लाखांची लोकसंख्या ७६ लाखांवर आली आणि मातृभाषा हंगेरियन असलेले ३० लाखांहून अधिक लोक शेजारच्या राज्यांचे प्रजाजन झाले.

या आपत्तीला जबाबदार कोण, हा प्रश्न हंगेरीत गेली शंभर वर्षे विचारला जात आहे आणि त्याचे एक उत्तर नेहमी तयार असते. ते म्हणजे काउंट मिहाय कारोयी. तहावर सह्या झाल्या तेव्हा कारोयी सत्तेवर नव्हते, देशातही नव्हते. ज्या जर्मन मैत्रीने हंगेरीला युद्धात ओढले, तिला त्यांचा युद्धापूर्वीपासून विरोध होता. त्यांची कारकीर्द ३१ ऑक्टोबर १९१८ ते २१ मार्च १९१९ अशी जेमतेम पाच महिन्यांची. असे असूनही राष्ट्र बुडविणारा माणूस हा शिक्का त्यांच्या नावावर बसला, तो आजही पुरता पुसलेला नाही. पराभवाचा हिशेब एखादे राष्ट्र कोणाच्या नावे मांडते, हे समजून घेण्यासाठी या माणसाचे चरित्र मुळातून पाहण्यासारखे आहे.

सरदार घराण्यातील बंडखोर

कारोयी यांचा जन्म ४ मार्च १८७५ चा. घराणे हंगेरीतील अतिश्रीमंत जमीनदारांपैकी एक. बुडापेस्टच्या मध्यभागी त्यांचा वाडा होता. आज त्या वास्तूत पेतोफी वाङ्मय संग्रहालय आहे. मूल मात्र दुभंगलेल्या टाळूचे जन्मले. चौदाव्या वर्षी शस्त्रक्रिया होईपर्यंत त्याचे बोलणे इतरांना नीट समजत नसे. पुढेही उच्चारातील दोष राहिलाच. ज्या देशात संसदेतील वक्तृत्व हीच राजकारणाची पहिली पायरी मानली जाई, तेथे या मनुष्याने बोलण्याचा हट्ट धरला आणि तो तडीस नेला. त्यांच्या स्वभावातील जिद्द आणि एकाकीपणा या दोहोंचे मूळ बहुधा येथे सापडते.

त्यांना वाढविले ते शांदोर कारोयी या काकांनी. हंगेरीतील ग्रामीण सहकारी चळवळीचे हे प्रणेते. त्यांच्या सहवासात शेतकऱ्याच्या दैन्याची जाणीव या तरुणाला झाली. मात्र तारुण्याचा बराच काळ पत्ते, शिकार आणि मोटारी यांतच गेला. १९०९ मध्ये ते बड्या जमीनदारांच्या राष्ट्रीय कृषी संघटनेचे अध्यक्ष झाले. येथवर त्यांच्या चरित्रात त्यांच्या वर्गापेक्षा वेगळे असे फारसे काही नव्हते.

बदल घडला तो पुढील चार-पाच वर्षांत. १८६७ च्या समझोत्याने हंगेरीला ऑस्ट्रियाच्या बरोबरीचे स्थान मिळाले होते. तथापि या राज्याच्या पोटात दोन दुखणी होती. पहिले मताधिकाराचे. लोकसंख्येच्या सुमारे सहा टक्के लोकांनाच मत होते. दुसरे भाषिक गटांचे. क्रोएशिया सोडला तरी जवळजवळ निम्मी प्रजा रुमानियन, स्लोव्हाक, जर्मन, सर्ब, रुथेनियन अशी बिगर-हंगेरियन भाषा बोलणारी होती. १९०७ मध्ये शिक्षणमंत्री आल्बर्ट अपोन्यी यांनी केलेल्या कायद्याने त्यांच्या शाळांवर हंगेरियन भाषेची सक्ती आणखी आवळली. राज्यकर्त्या वर्गाचे सर्वांत समर्थ नेते इश्तवान तिसा यांना मताधिकाराचा विस्तार म्हणजे या गटांच्या हाती राज्य देणे वाटे. कारोयी नेमक्या उलट निष्कर्षाला आले. मताधिकार व जमीन दिली नाही, तर राज्य टिकणार नाही, असे त्यांचे मत झाले. दोघांतील वैर इतके विकोपाला गेले, की १९१३ च्या आरंभी त्यांनी तलवारीचे द्वंद्वयुद्ध खेळले. त्याच वर्षी कारोयी स्वातंत्र्य पक्षाचे नेते झाले.

युद्ध आणि विरोध

१९१४ च्या उन्हाळ्यात युद्धाचा वणवा पेटला तेव्हा कारोयी अमेरिकेचा दौरा आटोपून परतत होते. शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून फ्रान्सने त्यांना काही काळ स्थानबद्ध केले. सुटून मायदेशी आल्यावर नोव्हेंबरात त्यांनी कातिंका आंद्राशी हिच्याशी विवाह केला. परराष्ट्रमंत्री म्हणून युरोपभर गाजलेल्या ग्युला आंद्राशी यांची ही नात. पुढील चाळीस वर्षांच्या वैभवात, वनवासात आणि विजनवासात तिने त्यांची साथ सोडली नाही.

येथे एक नोंद न्यायाची ठरेल. जुलै १९१४ मध्ये सर्बियावर हल्ला करण्यास पंतप्रधान तिसा यांनीच आरंभी विरोध केला होता. दोन आठवड्यांनी ते व्हिएन्ना आणि बर्लिनच्या दबावापुढे झुकले. त्यानंतर मात्र त्यांनी युद्ध निर्धाराने चालविले. १९१६ मध्ये कारोयी यांनी जुना पक्ष सोडून नवा पक्ष काढला आणि भूविस्ताराविना शांतता, सार्वत्रिक मताधिकार व जर्मनीपासून फारकत अशा मागण्या मांडल्या. संसदेत त्यांच्या मागे मोजकेच सभासद होते. देशद्रोही ही शिवी त्यांना प्रथम मिळाली ती याच काळात.

त्याच वर्षी, ऑगस्ट १९१६ मध्ये, बुखारेस्ट येथे एक गुप्त करार झाला. रुमानियाने युद्धात उतरावे म्हणून दोस्त राष्ट्रांनी तिला ट्रान्सिल्व्हेनिया आणि त्यापलीकडचा हंगेरियन प्रदेशही देऊ केला. १९१८ च्या उन्हाळ्यात चेकोस्लोव्हाक राष्ट्रीय मंडळाला दोस्त राष्ट्रांची मान्यता मिळू लागली. म्हणजे हंगेरीची वाटणी कागदावर उतरू लागली तेव्हा कारोयी विरोधी बाकांवर बसून तह करा, तह करा असे बजावत होते. हा कालक्रम ध्यानात घेतल्याशिवाय पुढील पाच महिन्यांचा निवाडा करता येणार नाही.

पाच महिन्यांची सत्ता

ऑक्टोबर १९१८ मध्ये आघाडी कोसळली. १६ तारखेला सम्राट कार्ल यांनी ऑस्ट्रियाचे संघराज्य करण्याचा जाहीरनामा काढला. परंतु हंगेरीच्या सरकारच्या आग्रहामुळे हंगेरीची भूमी त्यातून वगळण्यात आली. बिगर-हंगेरियन गटांना काही देण्याची अखेरची संधी अशी दवडली गेली. दुसऱ्याच दिवशी तिसा यांनी युद्ध हरल्याची कबुली संसदेत दिली. बुडापेस्टमध्ये कारोयींचा पक्ष, रॅडिकल आणि सोशल डेमोक्रॅट यांनी मिळून राष्ट्रीय मंडळ स्थापले. ३० ऑक्टोबरच्या रात्री सैनिकांनी टोप्यांवरची राजचिन्हे काढून तेथे ऑस्टरची फुले खोवली आणि मंडळाची बाजू घेतली. ३१ तारखेला कारोयी पंतप्रधान झाले. त्याच संध्याकाळी सशस्त्र सैनिकांनी तिसा यांची त्यांच्या घरी हत्या केली. ज्यांच्याकडून युद्धाचा हिशेब मागायचा, तेच हुतात्मा झाले आणि हिशेबाची वही कारोयींच्या हाती आली.

१६ नोव्हेंबर रोजी प्रजासत्ताक घोषित झाले. साक्षर स्त्रियांसह व्यापक मताधिकाराचा कायदा झाला. मात्र पहिल्याच दिवसांत एक मोठी चूक घडली. युद्धमंत्री बेला लिंडर यांनी सैनिकांपुढे जाहीर भाषणात यापुढे सैन्यच नको अशी भूमिका घेतली आणि सैन्य घरी पाठविण्याचा सपाटा सुरू झाला. सैन्य आधीच विस्कटले होते, सैनिक रेल्वेच्या टपांवर बसून गावी परतत होते, हे खरे. तरीही उरलेसुरले सैन्य सावरण्याऐवजी त्याचे विसर्जन हे धोरण म्हणून मिरविणे, हा राज्यकर्त्याचा विवेक म्हणता येत नाही. लिंडर यांना काही दिवसांतच मंत्रालय सोडावे लागले. परंतु गेलेले सैनिक परत आले नाहीत.

कारोयी यांचा सारा भरवसा होता तो अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन यांच्या चौदा कलमांवर. राजेशाही गेली, लोकशाही आली, आता दोस्त राष्ट्रे आपल्याला नव्या राष्ट्रासारखे वागवतील, अशी त्यांची धारणा होती. ७ नोव्हेंबरला ते स्वतः बेलग्रेडला फ्रेंच सेनापती फ्रांशे देस्पेरे यांच्या भेटीस गेले, तेव्हा पदरी अपमान आला. १३ नोव्हेंबरच्या लष्करी कराराने दक्षिण व पूर्वेकडील मोठा पट्टा सोडावा लागला. हंगेरीला आठ डिव्हिजन सैन्य ठेवण्याची मुभा आणि ताब्यात गेलेल्या भागातही हंगेरियन मुलकी प्रशासन राहील अशी हमी मात्र त्यात होती. ती हमी पाळली गेली नाही. रुमानियन, चेक व सर्ब फौजा एकेक रेषा ओलांडीत राहिल्या आणि प्रत्येक नवी रेषा पॅरिसने मागाहून मान्य केली.

त्याच आठवड्यात मंत्री ओस्कार यासी आराद येथे रुमानियन नेत्यांशी वाटाघाटी करीत होते. स्वित्झर्लंडच्या धर्तीवर स्वायत्त विभागांची त्यांची योजना पाच वर्षांपूर्वी मांडली गेली असती, तर कदाचित इतिहास घडला असता. आता पलीकडच्या बाजूस विजयी फौज उभी होती. तिला स्वायत्ततेत रस नव्हता. १ डिसेंबर १९१८ रोजी गुलाफेहेरवार, म्हणजे आजचे आल्बा यूलिया, येथील महासभेने रुमानियाशी विलीनीकरण जाहीर केले.

११ जानेवारी १९१९ रोजी कारोयी अध्यक्ष झाले. कोळशाच्या खाणी परक्यांच्या ताब्यात, कारखाने बंद, राजधानीत निर्वासितांची रीघ, अशी तेव्हाची स्थिती होती. फेब्रुवारीत जमीनसुधारणेचा कायदा झाला. ५०० होल्ड, म्हणजे सुमारे ७०० एकरांवरील, जमीन वाटण्याची त्यात तरतूद होती. २३ फेब्रुवारीला कापोल्ना गावी अध्यक्षांनी समारंभाची पहिली खूण ठोकली ती स्वतःच्याच जमिनीत. शेतकऱ्यांनी ते पाहिले. पण अन्य जमीनदारांपैकी कोणी त्यांच्या मागे गेले नाही. कायदा अमलात येण्याआधीच सरकार गेले.

२० मार्च रोजी बुडापेस्टमधील दोस्त राष्ट्रांच्या लष्करी मंडळाचे प्रमुख, फ्रेंच लेफ्टनंट कर्नल विक्स यांनी एक पत्र अध्यक्षांच्या हाती दिले. पूर्वेकडे आणखी माघार घ्यावी आणि मध्ये तटस्थ पट्टा सोडावा, अशी त्यात मागणी होती. उत्तराला दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंतची मुदत. शुद्ध हंगेरियन भाषिक शहरेही त्या पट्ट्यात येत होती. सरकारने राजीनामा दिला. केवळ सोशल डेमोक्रॅटांचे मंत्रिमंडळ नेमावे असे कारोयी यांच्या मनात होते. त्या पक्षाने मात्र तुरुंगात असलेल्या बेला कून यांच्या कम्युनिस्टांशी परस्पर संधान बांधले. २१ मार्चच्या रात्री सोव्हिएत प्रजासत्ताक घोषित झाले. सत्ता कामगारवर्गाकडे सोपवीत असल्याचे निवेदन कारोयी यांच्या नावाने प्रसिद्ध झाले. आपण त्यावर सही केलीच नव्हती, असे त्यांनी पुढे आयुष्यभर सांगितले. सही कोणाचीही असो, त्यांनी त्याचा जाहीर इन्कार त्या वेळी केला नाही, आणि हा आक्षेप त्यांच्यावर उरतोच.

कून यांची राजवट १३३ दिवस टिकली. तिने लढून पाहिले, उत्तरेत मुलूखही जिंकला. पण पॅरिसच्या धमकीवर विसंबून माघार घेतली आणि ऑगस्ट १९१९ मध्ये रुमानियन फौजा बुडापेस्टमध्ये शिरल्या. नोव्हेंबरात अॅडमिरल मिक्लोश होर्ती पांढऱ्या घोड्यावरून राजधानीत आले. तहाच्या अटी हंगेरीच्या शिष्टमंडळाला जानेवारी १९२० मध्ये देण्यात आल्या. नव्या सीमा पॅरिसच्या समित्यांनी त्याआधीच्या वसंतातच आखून ठेवल्या होत्या. हंगेरीची बाजू मांडायला गेले ते अपोन्यी, १९०७ च्या शाळा कायद्याचे कर्ते. त्यांचे भाषण तेजस्वी होते. पण ज्यांच्या भाषेची गळचेपी केली, त्यांच्यावर राज्य करण्याचा हक्क मागायला तेच उभे होते.

रेल्वेच्या डब्यांतील कारकून

या तहाचा सर्वांत जवळचा फटका बसला तो नोकरदारांना. तालुक्याचे अधिकारी, शिक्षक, न्यायाधीश, पोस्टमास्तर, रेल्वेचे कर्मचारी यांच्यापुढे नव्या राज्याशी निष्ठेची शपथ घेण्याचा किंवा पद सोडण्याचा पर्याय आला. १९१८ ते १९२४ या काळात सुमारे साडेतीन लाख माणसे उरलेल्या हंगेरीत आली आणि त्यांत सरकारी नोकर व त्यांची कुटुंबे यांचा भरणा मोठा होता. घरे नव्हती. ज्या मालवाहू डब्यांतून सामान आणले, त्याच डब्यांत बुडापेस्टच्या आणि अन्य स्थानकांच्या यार्डांत हजारो कुटुंबांनी महिनोन्‌महिने, काहींनी वर्षानुवर्षे, संसार केला. बदलीच्या हुकुमावर गाव सोडून दिल्लीस आलेल्या माणसाला मुलूख दुरावणे म्हणजे काय, हे थोडे ठाऊक असते. पण त्याचे गाव मागे जागेवर असते. या लोकांचे गाव जागेवर होते, राज्य मात्र निघून गेले होते. शिकलेला, कागदपत्र जाणणारा, मान गमावलेला हा वर्ग होर्ती राजवटीचा कणा झाला. त्याच्या दुःखाला एक चेहरा हवा होता. तिसा हुतात्मा झाले होते, सम्राट निर्वासित होते, पॅरिसचे मुत्सद्दी हाताच्या पलीकडे होते. कारोयींचा चेहरा सोयीचा होता: सरदार असून सरदारांना सोडून गेलेला, सैन्य घरी पाठविलेला, आणि कम्युनिस्टांना वाट मोकळी करून दिलेला.

वनवास आणि उत्तरायुष्य

कारोयी जुलै १९१९ मध्येच देशाबाहेर पडले होते. प्राग, इटली, दाल्मेशियाचा किनारा, लंडन, पॅरिस असा प्रवास सुरू झाला. इटलीने तर त्यांना हद्दपार केले. मायदेशी राष्ट्रद्रोहाचा खटला चालून १९२३ मध्ये मालमत्ता जप्त झाली. ज्याने जमीन स्वतः वाटायला काढली, त्याची उरलेली जमीन सरकारने घेतली. १९२५ मध्ये अमेरिकेत आजारी पडलेल्या पत्नीला भेटायला जाण्यासाठी त्यांना राजकीय भाषण न करण्याची अट स्वीकारावी लागली. या काळात ते समाजवादाकडे आणि सोव्हिएत रशियाविषयीच्या आशेकडे अधिकाधिक झुकत गेले.

दुसरे महायुद्ध संपल्यावर १९४६ मध्ये हंगेरीच्या संसदेने कायदा करून त्यांच्या सेवेचा गौरव केला आणि सत्तावीस वर्षांनी ते मायदेशी परतले. १९४७ मध्ये त्यांची नेमणूक पॅरिसला राजदूत म्हणून झाली. त्याच वर्षी फेब्रुवारीत त्याच शहरात हंगेरीच्या पराभवाचा दुसरा तह झाला होता. हिटलरच्या कृपेने १९३८ ते १९४१ या काळात परत मिळविलेला सारा मुलूख त्या तहाने गेला. सीमा पुन्हा ट्रायनॉनच्याच रेषेवर आली, उलट ब्रातिस्लाव्हाजवळची तीन गावे आणखी गेली.

दोनच वर्षांत दुसरी कसोटी आली. १९४९ मध्ये राकोशी यांच्या कम्युनिस्ट राजवटीने आपल्याच मंत्र्याला, लास्लो राइक यांना, बनावट खटल्यात गोवून फासावर दिले. कारोयी यांनी राजदूतपद सोडले. वयाच्या पंचाहत्तरीत, पुन्हा निर्धन होऊन, ते दुसऱ्यांदा परागंदा झाले. सत्तेशी जुळवून घेऊन सन्मानाने जगण्याचा मार्ग मोकळा असताना त्यांनी तो नाकारला, ही गोष्ट त्यांचे टीकाकार क्वचितच सांगतात. १९ मार्च १९५५ रोजी दक्षिण फ्रान्समधील व्हान्स येथे त्यांचे निधन झाले. आत्मचरित्र पुढल्या वर्षी प्रसिद्ध झाले.

निवाडा कोणाचा?

कारोयी निर्दोष नव्हते. परक्याच्या सदिच्छेवर त्यांनी राष्ट्राचे भवितव्य टांगले. त्या सदिच्छेचा आधार तुटला, तर काय करायचे याची दुसरी योजना त्यांच्यापाशी नव्हती. सैन्याच्या बाबतीत त्यांच्या सरकारने दाखविलेला ढिसाळपणा अक्षम्य होता. अखेरच्या दिवशी निर्णय त्यांच्या हातून निसटला आणि तो निसटू दिल्याची जबाबदारी त्यांचीच. तरीही एक साधा ताळा करून पाहावा. ज्यांनी नमते घेतले त्या कारोयींना मुलूख राखता आला नाही. शस्त्र उचललेल्या कून यांना नाही. पॅरिसमध्ये वक्तृत्व गाजविलेल्या अपोन्यींना नाही. आणि जर्मनीच्या मदतीने तो परत मिळविलेल्या होर्तींनाही तो टिकविता आला नाही. चार भिन्न धोरणांचा शेवट जेव्हा एकाच रेषेवर होतो, तेव्हा त्या रेषेचे मूळ धोरणांच्या आधी शोधावे लागते. ते मूळ मताधिकार नाकारण्यात, भाषेच्या सक्तीत आणि १९१४ च्या जुलैत होते.

कारोयींचे अवशेष १९६२ मध्ये बुडापेस्टला नेण्यात आले. १९७५ मध्ये शिल्पकार इम्रे वर्गा यांनी घडविलेला त्यांचा पुतळा संसदेजवळ बसविण्यात आला. मार्च २०१२ मध्ये तो तेथून हलवून पुढे बालातोन सरोवराकाठच्या शिओफोक गावी नेला. २०१४ मध्ये संसदेपुढील चौकात तिसा यांचे स्मारक पुन्हा उभे राहिले. २०२० मध्ये, तहाच्या शताब्दीला, संसदेसमोर जुन्या हंगेरीतील गावांची नावे कोरलेल्या दगडी भिंतींचे स्मारक झाले. चौकातील पुतळ्यांची अदलाबदल करणे सरकारांना सोपे असते. कर्ज काढणारा मागे राहून वसुलीवाला ज्याच्या दारी आला त्याचीच बदनामी होते, ही रीत जुनी आहे. ती मोडायची तर पराभवाची तारीख तहावर सही झाली त्या दिवसाची न धरता, तहाची वेळ ज्या दिवशी स्वतःवर ओढवून घेतली त्या दिवसाची धरावी लागते. हंगेरीच्या बाबतीत ती तारीख कारोयी सत्तेवर येण्याच्या कितीतरी आधीची आहे.